व्हिसा नको, पण तयारी हवीच

थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय पर्यटकांसाठी व्हिसाची अट काढून टाकली आणि जुलै २०२४ मध्ये राहण्याची मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवली. त्या एका वर्षात २० लाखांहून अधिक भारतीय थायलंडला जाऊन आले. बँकॉक आता फक्त मुंबई-पुण्याच्या नवविवाहितांचे ठिकाण राहिलेले नाही. खतांच्या आणि सिमेंटच्या विक्रेत्यांच्या बक्षीस-सहली, महिला मंडळांचे गट, निवृत्त जोडपी, पहिल्यांदाच पासपोर्ट काढलेले आजी-आजोबा असे सगळेच तिकडे निघाले आहेत. चार-साडेचार तासांचे विमान, घड्याळात केवळ दीड तासाचा फरक आणि खिशाला झेपणारा खर्च. जावेसे वाटणारच.

यात डॉक्टर म्हणून माझी अडचण एकच आहे. व्हिसा काढावा लागायचा तेव्हा प्रवास निदान महिना-दोन महिने आधी ठरायचा. आता गुरुवारी तिकीट आणि शनिवारी विमान असेही घडते. लस टोचून घेतल्यावर शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला साधारण दोन आठवडे लागतात. मधुमेहाच्या गोळ्यांचा हिशेब आणि विम्याची कागदपत्रे यांनाही थोडी उसंत लागते. व्हिसाबरोबर ही उसंतही गेली. मुक्कामी काही बिनसले, तर त्याची किंमत मात्र तीच राहिली आहे, किंबहुना वाढली आहे. कारण आता जाणाऱ्यांत साठीच्या पुढची, रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराची औषधे घेणारी मंडळी पुष्कळ आहेत.

‘आपल्याला सवय आहे’ हा गैरसमज

युरोप-अमेरिकेतला पर्यटक बँकॉकला येण्यापूर्वी ‘ट्रॅव्हल क्लिनिक’मध्ये जातो. आपल्याला त्याची गरज वाटत नाही. उकाडा, डास, रस्त्यावरचे खाणे हे सगळे आपल्या अंगवळणी पडलेले आहे, असे आपण धरून चालतो. हे निम्मेच खरे आहे. लहानपणी कावीळ ‘अ’ होऊन गेलेल्या पन्नाशीच्या माणसाला त्या आजारापासून बहुधा संरक्षण असते. शहरातल्या गाळलेल्या पाण्यावर वाढलेल्या त्याच्या पंचविशीच्या मुलीला ते असेलच असे नाही. तिने कावीळ ‘अ’ आणि विषमज्वराची लस घेणे शहाणपणाचे. धनुर्वाताचा डोस दहा वर्षांपूर्वीचा असेल तर तोही घ्यावा. साठीच्या पुढच्यांनी आणि दमेकऱ्यांनी फ्लूची लस विसरू नये.

डेंग्यूच्या बाबतीत तर ‘सवय’ उलटीच पडते. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. आपल्यापैकी अनेकांना नकळत एकदा डेंग्यू होऊन गेलेला असतो. म्हणजे बँकॉकमधला डास एखाद्या स्वीडिश पाहुण्यापेक्षा आपल्याला जास्त महागात पडू शकतो.

बँकॉक शहरात मलेरियाची भीती नाही. तो मुख्यतः सीमेलगतच्या जंगली भागात आढळतो. त्यामुळे केवळ शहरात राहणाऱ्यांना मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांची गरज नसते. डेंग्यूचा डास मात्र शहराचाच रहिवासी आहे. तो दिवसा चावतो, त्यामुळे रात्री मच्छरदाणी लावून उपयोग नाही. मे ते ऑक्टोबर हा तिथला पावसाळा आणि डेंग्यूचा मोसम. अंगभर कपडे आणि डास पळवणारे मलम हे दोन उपाय दिवसा करायचे आहेत. राजवाड्यात आणि बौद्ध मंदिरांत खांदे-गुडघे झाकावेच लागतात. तोच पेहराव दिवसभर ठेवला तर दर्शनही होते आणि बचावही. झिकाचा विषाणूही याच डासातून पसरतो. पुण्यात २०२४ मध्ये आपण त्याचा अनुभव घेतला. गर्भवतींनी किंवा लवकरच मूल हवे असलेल्या जोडप्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

आपली सुट्टी, त्यांचा उन्हाळा

आपल्या शाळांना सुट्टी लागते एप्रिल-मे महिन्यांत. बँकॉकमध्ये एप्रिल हा सर्वांत कडक उन्हाचा महिना. सोंगक्रान हा त्यांचा पाण्याचा सण १३ ते १५ एप्रिलला येतो तो त्यामुळेच हवाहवासा वाटतो. तिथे पारा आपल्या विदर्भाइतका चढत नाही, पण हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये बँकॉक महापालिकेने ‘जाणवणारे तापमान’ ५२ अंशांच्या वर जाईल, असा इशारा दिला होता. चंद्रपूरच्या माणसाने ‘आम्ही ४६ अंश सोसतो’ म्हणून तिथे भर दुपारी वाट अरुणच्या पायऱ्या चढू नयेत.

जपायचे ते विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी. त्यांच्या शरीरातले पाणी आणि क्षार लवकर घटतात. त्यात सहलीत ‘स्वच्छतागृह सापडणार नाही’ म्हणून अनेक स्त्रिया पाणीच पीत नाहीत. परिणाम म्हणजे चक्कर, पडणे आणि मनगट किंवा खुब्याचे हाड मोडणे. मंदिरे सकाळी दहाच्या आत पाहावीत, दुपारी वातानुकूलित जागी थांबावे, पिशवीत ओआरएसची पाकिटे ठेवावीत. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, अशा हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी हा हिशेब आधीच विचारून घ्यावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखद असते, पण तिथेही एक गोम आहे. डिसेंबर ते मार्च या काळात शेतातला पालापाचोळा जाळणे, वाहनांचा धूर आणि थांबलेला वारा यांमुळे हवेतले सूक्ष्म कण वाढतात. जानेवारी २०२५ मध्ये प्रदूषणामुळे बँकॉकमधल्या साडेतीनशेहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. दमा किंवा सीओपीडी असलेल्यांनी श्वासातून घ्यायचे औषध खोलीत न ठेवता खिशात ठेवावे आणि हवा वाईट असेल त्या दिवशी एन-९५ मास्क लावावा.

पोटाचे पथ्य

बँकॉकमध्ये रस्त्यावरचे खाणे टाळा, असे मी सांगणार नाही. समोर कढईत परतलेला गरमागरम पदार्थ हा हॉटेलच्या बुफेत तीन तास मांडून ठेवलेल्या पदार्थापेक्षा अनेकदा सुरक्षित असतो. नळाचे पाणी पिऊ नये, बाटलीबंद प्यावे. बर्फ मध्ये भोक असलेल्या नळीच्या आकाराचा असेल तर तो कारखान्यातला असतो. फोडलेल्या लादीचा बर्फ टाळावा.

मांसाहाऱ्यांसाठी कडक सूचना एकच. कच्चे किंवा अर्धकच्चे मांस आणि रक्त घातलेले पदार्थ खाऊ नयेत. थायलंडमध्ये कच्च्या डुकराच्या मांसातून होणाऱ्या एका जिवाणूच्या संसर्गामुळे मेंदूज्वर होतो आणि बरे झालेल्या अनेकांना कायमचा बहिरेपणा येतो. २०२५ मध्ये तिथल्या मुकदाहान प्रांतात अँथ्रॅक्सने एकाचा मृत्यू झाला, त्याचाही संबंध कच्च्या गोमांसाशी जोडला गेला होता.

शाकाहाऱ्यांची अडचण वेगळी. भाजीच्या साध्या पदार्थातही माशांचा रस्सा किंवा ऑयस्टर सॉस असतो. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षर असलेल्या ‘जे’ दुकानांत मांस-मासे नसलेले अन्न मिळते. पाहुरात आणि सुखुमवित भागात भारतीय खाणावळी आहेत. यात आरोग्याचा मुद्दा असा की, मनासारखे जेवण न मिळाल्याने मधुमेही माणूस उपाशी राहतो, पण गोळी किंवा इन्शुलिन मात्र ठरल्या वेळी घेतो. मग साखर एकदम उतरते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, बडबड करणे ही लक्षणे ‘उन्हाने झाले’ म्हणून सोडून देऊ नका. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पूड ठेवा. दुसऱ्या टोकाला कंडेन्स्ड दूध घातलेला थाई चहा आणि आंब्याबरोबरचा गोड चिकट भात आहे. त्यात साखर किती असते हे चवीवरूनच कळेल. फिश सॉसमध्ये मीठ भरपूर असते. रक्तदाब आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी तो वरून घालून घेऊ नये.

जुलाब लागले तर पहिले औषध ओआरएस. साध्या जुलाबांना प्रतिजैविक लागत नाही. शौचातून रक्त, तीव्र ताप किंवा दिवसभर लघवी न होणे यांपैकी काही दिसले तर थेट रुग्णालय.

औषधांची पिशवी

औषधे विमानात स्वतःजवळच्या पिशवीत ठेवावीत. सामानात टाकलेले इन्शुलिन गोठू शकते आणि बॅग हरवली तर सगळेच जाते. मुक्कामाचे दिवस अधिक एक आठवडा इतकी औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. आपल्याकडचे ब्रँडचे नाव तिथल्या औषध विक्रेत्याला कळत नाही.

झोपेच्या आणि चिंता कमी करण्याच्या गोळ्या, ट्रामाडॉल, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांवर थायलंडमध्ये निर्बंध आहेत. आपल्या सर्दीच्या अनेक गोळ्यांत असणारे सुडोएफेड्रिनही तिथे नियंत्रित औषध आहे. मॉर्फीनसारख्या औषधाला आधी परवाना घ्यावा लागतो. शेजाऱ्याने दिलेली पुडी घेऊन जाऊ नये. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे आणि आपल्याकडेही २०१९ पासून बंदी आहे.

कुत्रा चावला तर

थायलंडमध्ये रेबीज आहे. रस्त्यावरचे कुत्रे, मांजरे आणि पर्यटनस्थळांवरची माकडे यांना खाऊ घालायचा मोह आवरावा. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ‘चार दिवसांनी घरी जाऊन घेऊ’ हा विचार जिवावर बेतू शकतो. रेबीज एकदा उमटला की त्यावर इलाज नाही.

यात एक दिलासा आहे. बँकॉकमध्ये राम चौथा मार्गावर थाई रेड क्रॉसची राणी सौवभा स्मारक संस्था आहे. आपल्या परळच्या हाफकिनसारखी ती लस आणि सर्पविषावरील प्रतिविष यांसाठी प्रसिद्ध आहे. पर्यटक तिथे साप पाहायला जातात. पण आमच्या सरकारी रुग्णालयांचे तिच्याशी जवळचे नाते आहे. कुत्रा चावलेल्या रुग्णाला आम्ही दोन्ही दंडांवर त्वचेत ०.१ मिलिलिटरची जी दोन इंजेक्शने ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतो, ती पद्धत ‘थाई रेड क्रॉस पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. थोड्या लशीत जास्त रुग्ण वाचवणारी ही रीत आपल्याकडे २००६ मध्ये मान्य झाली. त्यामुळे पहिले डोस बँकॉकला घेतले तर उरलेले इथल्या सरकारी रुग्णालयात घेता येतात. लसीचे कार्ड मात्र जपून आणा.

मौजेचे धोके

ऑगस्ट २०२४ मध्ये बँकॉकमध्येच विषारी गावठी दारूने अनेकांचे बळी घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शेजारच्या लाओसमधल्या वांग विएंगला सहा परदेशी पर्यटक मिथेनॉलच्या विषबाधेने दगावले. २०१५ चे मुंबईतले मालवणी प्रकरण आपण विसरलेलो नाही. शंभरावर माणसे गेली होती. मिथेनॉलला वेगळी चव नसते. प्यायल्यावर आधी नेहमीची नशा वाटते, आणि १२ ते २४ तासांनी उलट्या, पोटदुखी, धाप आणि धूसर दिसणे सुरू होते. ‘हँगओव्हर’ समजून झोपून राहिलेला माणूस डोळे किंवा जीव गमावतो. बादलीतून मिळणारे मिश्रण, फुकटचा पेला, सुटी दारू घेऊ नये. डोळ्यांपुढे धुके वाटले तर तासाभराचीही वाट पाहू नये. याला प्रतिविष आणि डायलिसिस हे उपचार आहेत, पण वेळेत.

गांजाबद्दल मोठा गोंधळ आहे. जून २०२२ मध्ये थायलंडने तो अमली पदार्थांच्या यादीतून काढला, जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. बिस्किटे आणि पेयांतून तो अनवधानानेही पोटात जाऊ शकतो. परिणाम तास-दोन तासांनी दिसतो, म्हणून ‘काहीच झाले नाही’ म्हणत माणूस आणखी खातो. मग धडधड, भीती, भ्रम. हृदयरुग्णाला हे झेपत नाही. तो भारतात आणणे हा तर गंभीर गुन्हा आहे. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडे मुंबई विमानतळावर हायड्रोपोनिक गांजा सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्यात ‘ही बॅग पोहोचव’ म्हणून गळ घातलेली तरुण मुलेही असतात.

शरीरसंबंधांविषयी घरात बोलले जात नाही, म्हणून इथे बोलतो. निरोध वापरावा. चूक घडली तर लाजू नये. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. बँकॉकमध्ये थाई रेड क्रॉसचे ‘अनामिक चिकित्सालय’ नाव न विचारता तपासणी करते.

आणि दुचाकी. थायलंडमध्ये रस्ते अपघातांतल्या मृत्यूंचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक देशांत मोडते आणि त्यात दुचाकीस्वारच जास्त. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, म्हणून भाड्याची स्कूटर घेण्याचा मोह होतो. भारतीय परवाना पुरत नाही, आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा लागतो. तो नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. मोटारसायकल टॅक्सीवर बसलात तरी हेल्मेट मागून घ्या.

खर्च कोण करणार?

थायलंडने २००२ मध्ये सर्व नागरिकांना जवळपास मोफत आरोग्यसेवा दिली, याचा आम्हा सरकारी डॉक्टरांना हेवा वाटतो. पण ती सोय पर्यटकांसाठी नाही. सिरिराज किंवा चुलालोंगकोर्न ही सरकारी-रेड क्रॉसची मोठी रुग्णालये उत्तम आहेत, गर्दीचीही आहेत. खासगी रुग्णालयांत सेवा चटकन मिळते, मात्र दाखल होताना विम्याची हमी किंवा आगाऊ रक्कम मागितली जाते. हृदयविकाराचा झटका किंवा डोक्याची इजा झाली तर बिल आयुष्यभराच्या बचतीला हात घालते.

म्हणून प्रवास विमा हवाच. तो घेताना तीन गोष्टी पाहा: आधीपासूनचे आजार त्यात येतात का, दुचाकी अपघात येतो का, आणि रुग्णाला परत आणण्याचा खर्च येतो का. अर्जात मधुमेह लपवू नका. लपवलेला आजार हेच दावा नाकारायचे पहिले कारण ठरते. छातीत दुखू लागले तर ‘दोन दिवसांत घरी जाऊ’ म्हणून विमानात बसू नका. १६६९ हा तिथला रुग्णवाहिकेचा क्रमांक, ११५५ पर्यटक पोलिसांचा. भारतीय दूतावास सुखुमवित सोई २३ वर आहे. हे घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

१ मे २०२५ पासून थायलंडला पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावे लागते. ते मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळे बनावट समजा. व्हिसाचे आणि मुदतीचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी दूतावासाचे संकेतस्थळ पाहा.

आपल्या व्यवस्थेने काय करावे

सगळा भार प्रवाशावर टाकून भागणार नाही. पीतज्वराच्या लसीची केंद्रे सोडली, तर आपल्याकडे प्रवासाआधी सल्ला देणारी सरकारी सोय जवळपास नाही. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक तास ‘प्रवासी बाह्यरुग्ण विभाग’ चालवायला वेगळा निधी लागत नाही. सहल कंपन्या जेवण शाकाहारी हवे का, खिडकीची जागा हवी का, हे विचारतात. त्यांनी ‘कोणती औषधे चालू आहेत?’ हेही विचारावे आणि पासपोर्टबरोबर एक पानी मराठी सूचनापत्र हाती द्यावे.

आम्हा डॉक्टरांसाठीही एक काम आहे. डेंग्यूचा ताप डास चावल्यानंतर ४ ते १० दिवसांनी येतो. म्हणजे तो बहुधा घरी परतल्यावर येतो. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्यावे, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन अंगदुखीसाठी घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. ताप उतरल्यावर पोट दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या तर तो बरे होण्याचा नव्हे, धोक्याचा काळ असू शकतो.

तापाच्या रुग्णाला ‘गेल्या पंधरा दिवसांत कुठे बाहेर गेला होतात का?’ हा प्रश्न आम्ही प्रत्येक वेळी विचारला पाहिजे. आणि आम्ही गर्दीत विसरलो, तर तो तुम्ही स्वतःहून सांगितला पाहिजे.